अपंग बालकाचा हक्क आणि आपले कर्तव्य

मूल आजारी पडले म्हणजे आईबाप त्याला डॉक्टरांकडे नेतात, औषध देतात, देवमातेला नवस बोलतात, आणि आठपंधरा दिवसांत मूल पुन्हा अंगणात खेळू लागते. हा घरोघरचा अनुभव होय. परंतु काही आजार असे असतात की, ते बालकाबरोबर जन्मास येतात आणि त्याच्याबरोबरच वाढतात. कोणाची मान वर्ष उलटले तरी सावरत नाही. कोणी पाचसहा वर्षांपर्यंत धावतो, आणि पुढे पायरी चढताना गुडघ्यावर हात टेकू लागतो. कोणाचे रक्त अंगात टिकत नाही, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला इस्पितळात नेऊन दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. अशा घराचा संसार त्या एका खाटेभोवती फिरू लागतो. औषधांचा खर्च दिसतो, तो लिहून ठेवता येतो. परंतु बापाची बुडालेली मजुरी, आईने सोडलेले शेतातले काम आणि शहरापर्यंतचे बसभाडे यांचा हिशोब कोणी ठेवत नाही.

अशा बालकांकरिता सरकारने काही तरतुदी करून ठेवल्या आहेत. त्या दयाबुद्धीने दिलेल्या नसून कायद्याने दिलेल्या आहेत. तरीही आपल्या खेड्यापाड्यांतील कित्येक घरे त्यांच्यापासून वंचित राहतात. याची कारणे दोन. पहिले कारण अज्ञान. कोणत्या दारी जावे हेच ठाऊक नसते. दुसरे कारण संकोच. आपल्या मुलाच्या नावापुढे ‘अपंग’ हा शब्द सरकारी कागदावर लिहिला जावा हे मनाला सोसत नाही. या दोन्ही गोष्टींविषयी आज आम्ही वाचकांशी मोकळेपणाने बोलणार आहोत.

कायदा काय म्हणतो?

१९९५ सालच्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे अवघे सात प्रकार मान्य केलेले होते. २०१६ साली संसदेने नवा अपंग व्यक्ती हक्क कायदा मंजूर केला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात एकवीस प्रकार आहेत. अंधत्व, बहिरेपण, हातापायांचे अपंगत्व व बौद्धिक अपंगत्व हे तर आहेतच, शिवाय सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला जन्माच्या आगेमागे इजा झाल्यामुळे येणारा अवयवांचा ताठरपणा, स्नायू क्षीण होत जाणारा मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा रोग, स्वमग्नता, आणि लिहिण्यावाचण्यात विशेष अडचण येणारी अध्ययन अक्षमता, हेही त्यात मोडतात. सर्वांत महत्त्वाची भर म्हणजे थॅलॅसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल या रक्ताच्या तीन आजारांची. असे मूल वरून पाहता धडधाकट दिसते. म्हणूनच ते कायद्याच्या दृष्टीने अपंग आहे हे शेजाऱ्यांना आणि पुष्कळदा आईबापांनाही ठाऊक नसते. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली होती, आणि त्या गणनेत हे रक्ताचे आजार स्वतंत्रपणे मोजलेलेही नव्हते.

हल्ली सरकारी कागदपत्रांत ‘दिव्यांग’ हा शब्द योजतात. शब्द कोणताही असो, त्यामागचा हक्क एकच आहे. मात्र हक्काचा मापदंड लक्षात ठेवावा. अपंगत्व शेकडा ४० वा त्याहून अधिक आहे असे डॉक्टरांच्या मंडळाने ठरविले, तरच बहुतेक सवलती मिळतात.

दोन वेगळी दारे

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो न समजल्यामुळे आईबापांच्या कितीतरी खेपा फुकट जातात. गंभीर आजार आणि अपंगत्व या सरकारच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी आहेत. हृदयाला छिद्र असणे, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार, लहानपणी जडलेला मधुमेह हे आजार जिवावर बेतणारे असले तरी वरील एकवीस प्रकारांत नाहीत. अशा बालकाकरिता अपंगत्वाच्या दाखल्याच्या रांगेत उभे राहून उपयोग नाही. त्याचे दार उपचाराचे आहे.

उपचाराच्या दारी पहिली पायरी गावातच आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. हृदयातील छिद्र, फाटलेला ओठ, वाकडे पाऊल असे काही आढळले, तर त्या मुलास पुढच्या इस्पितळात पाठवून शस्त्रक्रियेसह उपचार विनामूल्य केले जातात. पथक येणार त्या दिवशी आजारी मुलाला घरी निजवून ठेवू नये. त्याच दिवशी त्याला अवश्य न्यावे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा इस्पितळातील खर्च मिळतो. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाख रुपयांपर्यंत छत्र मिळते. अत्यंत विरळा अशा जन्मजात रोगांकरिता २०२१ साली राष्ट्रीय धोरण ठरले असून, त्याखाली नेमलेल्या मोठ्या इस्पितळांतून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देता येते. मुंबईचे के. ई. एम. इस्पितळ त्यांपैकी एक होय.

काही बालकांना मात्र दोन्ही दारे ठोठवावी लागतात. थॅलॅसेमियाचे मूल हे त्याचे ठळक उदाहरण. त्याला रक्त विनामूल्य मिळावे, रक्तपेढीने प्रक्रियेचे शुल्कही घेऊ नये, असे राष्ट्रीय धोरण आहे. अस्थिमज्जा बदलण्याच्या शस्त्रक्रियेकरिता कोल इंडिया या सरकारी कंपनीच्या निधीतून २०१७ पासून थॅलॅसेमिया बाल सेवा योजनेखाली १० लाख रुपयांपर्यंत मदत दिली जाते. हे उपचाराचे दार झाले. त्याच मुलास अपंगत्वाचा दाखलाही मिळू शकतो, आणि त्यायोगे शिक्षणाच्या सवलतींचे दुसरे दार उघडते. तसेच मेंदूज्वरातून उठलेल्या मुलाचा हातपाय लुळा पडला किंवा कर्करोगात पाय काढावा लागला, तर त्या रोगाचा नव्हे तरी त्यातून उरलेल्या व्यंगाचा दाखला मिळतो.

दाखल्याचा मार्ग

१ जून २०२१ पासून अपंगत्वाचा दाखला देशभर केवळ ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळामार्फतच दिला जातो. अर्ज संगणकावर करावयाचा असला तरी त्यास भिण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीच्या सेवाकेंद्रात तो भरून मिळतो. मुलाचे छायाचित्र, आधारपत्र, राहण्याचा पुरावा आणि आजवरचे वैद्यकीय कागद बरोबर असावेत. आमची आईबापांस एक कळकळीची सूचना आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, रक्ततपासणीचा अहवाल, इस्पितळातून सुटतेवेळी दिलेला कागद, यांपैकी काहीही फेकू नका. सर्व कागद तारखेच्या क्रमाने एका पिशवीत जपून ठेवा. मंडळापुढे मुलाची खरी कहाणी हे कागदच सांगतात.

अर्ज झाल्यावर नेमून दिलेल्या इस्पितळात डॉक्टर मुलास तपासतात व टक्केवारी ठरवितात. तपासणीस जाताना मुलाच्या अडचणी झाकू नयेत. पाहुण्यांपुढे मुलाचे कौतुक सांगण्याची आईची सवय येथे नडते. ‘तो सगळे करतो’ असे ती अभिमानाने सांगते, आणि टक्केवारी कमी भरते. जेवताना, कपडे घालताना, प्रातर्विधीस जाताना मुलास किती आधार द्यावा लागतो ते जसे आहे तसे सांगावे. अधिकही नको आणि उणेही नको. खोटे सांगून मिळविलेला दाखला दुसऱ्या गरजवंताचा घास काढून घेतो, हे विसरू नये.

पुढे जे ओळखपत्र येते त्याचा रंग अपंगत्वाच्या प्रमाणावर ठरतो. ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा आणि ८० वा अधिक असल्यास निळा. आजार कालांतराने बदलण्याजोगा असेल तर दाखला ठराविक मुदतीचा असतो. ती तारीख भिंतीवरच्या कालदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि मुदत संपण्याआधीच नूतनीकरण करावे. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येते, आणि मुलाच्या वतीने आईबापांनी ते करावयाचे असते. एकदा नकार मिळाला म्हणून सारे संपले असे समजू नये.

राज्याराज्यांतील भेद

आपल्या वाचकांपैकी कोणी गोव्यात, कोणी बेळगावकडील सीमाभागात, कोणी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा हैदराबादेकडे पिढ्यान्‌पिढ्या वसलेले आहेत. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अपंगत्वाचा दाखला कोणत्याही राज्यात काढलेला असला तरी तो साऱ्या देशात चालतो. कायद्याच्या ५८ व्या कलमात तसे स्पष्ट म्हटले आहे. मासिक साहाय्य मात्र ज्याच्या त्याच्या राज्याचे असते, आणि त्याचे नियम वेगवेगळे असतात.

केंद्र सरकारचे इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन २००९ साली सुरू झाले; पण ते अठरा वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यांकरिता आहे. लहान मुलांस ते लागू नाही. हे ऐकून पुष्कळ आईबाप निराश होऊन परत फिरतात. त्यांनी तेथेच न थांबता राज्याच्या योजनेची चौकशी करावी. गुजरातेत संत सूरदास योजना लहान मुलांसही लागू आहे. मध्य प्रदेशात बहुविकलांग व बौद्धिक अपंगत्व असलेल्या सहा वर्षांवरील मुलांकरिता निराळे साहाय्य आहे. तेलंगणाने २०१४ साली आसरा निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा अपंगांकरिता वयाची अट ठेवली नव्हती. कर्नाटकात अर्ज नाडकचेरीत करावयाचा असतो, आणि ग्रामपंचायतीकडे अपंगांच्या मदतीकरिता नेमलेला ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो. त्याची गाठ घेणे हे पहिले काम. गोव्यात २००१ सालची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. तीत गोव्यातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. रकमा सरकारे वेळोवेळी बदलत असतात, म्हणून त्या दिवशीचा आकडा त्या कचेरीतूनच विचारून घ्यावा. २०१६ च्या कायद्याने असेही सांगितले आहे की, अपंगांस मिळणारे साहाय्य तशाच योजनेत इतरांस मिळणाऱ्या रकमेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांकरिता १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन केलेला आहे. त्याची ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते. इतर विमा कंपन्या ज्या मुलांस दारात उभे करीत नाहीत, त्यांस येथे आधी वैद्यकीय तपासणी न करताच घेतले जाते. इस्पितळात न राहता घेतलेले औषधोपचार व व्यायामोपचार हेही तीत बसतात.

शाळा आणि पुढील आयुष्य

पैशाच्या साहाय्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे शिक्षण. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत, किंवा आईबापांच्या इच्छेनुसार खास शाळेत, विनामूल्य शिकण्याचा हक्क आहे. पुस्तके व साहाय्यक साधने अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य द्यावीत असेही कायदा सांगतो. शाळेपर्यंत जाताच येत नाही अशा मुलास समग्र शिक्षा योजनेखाली शिक्षक घरी येऊन शिकवू शकतो. नववी व दहावीच्या मुलांस केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. हात चालत नसल्यास परीक्षेत लेखनिक घेता येतो, आणि दर तासास किमान वीस मिनिटे अधिक मिळतात. पुढे सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत शेकडा पाच जागा राखीव असतात.

काही मदतीस वयाची मर्यादा असते, आणि येथे विलंब फार महागात पडतो. जन्मतः बहिऱ्या बालकाच्या कानात बसवावयाच्या यंत्राची मोठी शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होऊ शकते, परंतु ती पहिल्या पाच वर्षांतच. ‘मोठा झाल्यावर बोलेल’ असे म्हणत ज्यांनी वाट पाहिली, त्यांच्या मुलाच्या हातून ती संधी कायमची निसटते.

अठरावे वर्ष हाही एक टप्पा आहे. त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने मुलगा सज्ञान होतो आणि आईबापांचे स्वाभाविक पालकत्व संपते. राष्ट्रीय न्यासाच्या चार प्रकारांतील मुलांकरिता, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आईबाप स्वतःही असा अर्ज करू शकतात. ‘आमच्या मागे याचे काय होईल?’ हा प्रश्न रात्री उशाशी घेऊन निजणाऱ्या प्रत्येक आईने हे उत्तर जागेपणी मिळवून ठेवावे.

लाज कशाची?

आता दुसऱ्या कारणाकडे वळू. ‘मोठ्या मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, आता दाखला काढला तर लोक काय म्हणतील?’ असे उद्गार आपल्या समाजात ऐकू येतात. घराण्याला डाग लागेल या भीतीने मुलास पाहुण्यांपासून आत ठेवले जाते, आणि त्याबरोबर त्याचा हक्कही आतच कोंडला जातो. जन्मांध माणसास पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच बाजूस सारला, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. दोन हजार वर्षांपूर्वी प्रभूने जो दोष आईबापांवरून उतरविला, तो आपण आपल्याच शेजाऱ्यांच्या माथी पुन्हा का मारावा?

दुसरे कोणी म्हणतात, ‘देवाने हा क्रूस दिला आहे, तो मुकाट्याने वाहावा.’ या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. परंतु उपवासकाळात क्रुसाच्या वाटेची भक्ती करताना पाचव्या स्थानापाशी आपण कोणाचे स्मरण करतो? कुरेनेकर शिमोनाचे. स्वतः प्रभूनेही आपला क्रूस वाहण्यास दुसऱ्याचा खांदा नाकारला नाही. मग आजारी बालकाच्या आईने मदतीचा हात स्वीकारला, तर तिची श्रद्धा उणी कशी ठरेल?

आणि हा हात भिकेचा नव्हे. पोप तेविसावे योहान यांनी १९६३ साली ‘पाचेम इन तेर्रिस’ या विश्वपत्रात, आजारपणात व असहाय अवस्थेत आधार मिळणे हा माणसाचा हक्क असल्याचे प्रतिपादन केले. ख्रिस्तसभेची शिकवण आणि देशाचा कायदा ज्या ठिकाणी एकच गोष्ट सांगतात, तेथे मान खाली घालण्याचे कारण उरत नाही. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीस ‘पर्पल फेस्ट’ हा अपंगांचा महोत्सव भरला. जे एकेकाळी आतल्या खोलीत असत, तेच भर चौकात, मंचावर, समुद्रकिनाऱ्यावर मानाने वावरले. काळ बदलत आहे. आपल्या घरांनीही बदलावे.

धर्मग्रामाने काय करावे?

एकट्या आईबापांवर हे सारे सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. अर्ज भरणे, तालुक्याच्या गावी खेपा घालणे, मुलास कडेवर घेऊन रांगेत उभे राहणे, हे ज्याची रोजची मजुरी बुडते त्यास किती जड जाते, याचा विचार व्हावा. प्रत्येक धर्मग्रामात अशी मुले कोणत्या घरी आहेत हे धर्मगुरू, धर्मभगिनी व मंडळांच्या कार्यकर्त्यांनी मायेने जाणून घ्यावे. संगणक जाणणाऱ्या एखाद्या तरुणाने मिस्सानंतर तासभर बसून अर्ज भरून द्यावेत. निवृत्त शिक्षकाने कागद लावून द्यावेत. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने तपासणीच्या दिवशी त्या कुटुंबास इस्पितळात न्यावे. तरुण मंडळाने सणाच्या निमित्ताने रक्तदान करावे. थॅलॅसेमियाच्या मुलाला नवे कपडे नसले तरी चालते, रक्तावाचून त्याचे चालत नाही. आणि त्या घरी मोठी दोन भावंडे असतील, तर त्यांच्या अभ्यासाकडेही कोणीतरी पाहावे. आजारी भावंडाच्या सावलीत ती मुकी होऊन वाढतात.

या मदतीत बोलबाला नसावा. दाखल्यावर काय लिहिले आहे याची गावभर चर्चा होता कामा नये. ज्या घराने विश्वासाने आपले कागद आपल्या हाती दिले, त्या घराची अब्रूही आपल्या हाती दिली आहे, हे कार्यकर्त्यांनी स्मरावे.

सरकारी साहाय्याने आजार बरा होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्या साहाय्यामुळे एखाद्या मुलाचे औषध मध्येच थांबत नाही, एखाद्याला शाळेचे तोंड दिसते, आणि एखाद्या आईला महिन्यातून एक रात्र तरी निश्चिंत झोप मिळते. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे बालक आहे त्यांनी याच आठवड्यात मुलाचे सर्व कागद काढून पिशवीत लावावेत. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी शेजारच्या तशा घराचे दार ठोठवावे आणि विचारावे, ‘चला, इस्पितळात बरोबर येऊ का?’